रतनवाडी, अमुक अमुक मिलिमीटर

लहानपणी मला रतनवाडी हे गाव आहे हेच माहीत नव्हतं, मला वाटायचं तो एक आकडा आहे. माझं माहेर संगमनेर. पावसाळ्यात सकाळी पेपर आला की आमचे अण्णा पहिलं पान वगैरे सोडून आधी आतली एक बारकी चौकट शोधायचे, भंडारदरा पाणलोटातला कालचा पाऊस, आणि मोठ्याने वाचायचे, घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, पांजरे इतके, वाकी इतके. आकडे कधी दीडशे, कधी दोनशे, कधी त्याच्याही वर. आमच्याकडे बाहेर नुसतं ढगाळ, टिपूस नाही, अंगणातले कपडे मस्त वाळतायत आणि अण्णा खूश की तिकडे लागलाय. आई आतून विचारायची, "मग भरतंय का?" भरतंय का म्हणजे धरण. पंधरा ऑगस्टपर्यंत भंडारदरा भरलं पाहिजे हा आमच्या भागात झेंडावंदनाइतकाच पक्का विषय, कारण ते भरलं की मग कालव्याला आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, किती मिळणार याचा हिशोब सुरू व्हायचा आणि आमची कालव्यावरची तीन एकर त्याच हिशोबावर चालायची.

तर त्या आकड्यात मी यंदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी चालत जाऊन आले. म्हणजे रतनवाडीतून रतनगड चढलो आणि पलीकडून साम्रदला उतरलो.

आयडिया माझ्या मामेभावाची, दादाची. आम्ही दोघंही आता नाशिकला असतो, तो दर महिन्याला कुठला ना कुठला किल्ला करून येतो आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर शंभर फोटो टाकतो ज्यातल्या नव्वदात त्याची पाठ असते. मी पंचेचाळीस वर्षांची, गुडघे ठीकठाक, ट्रेकिंगचा अनुभव म्हणाल तर पांडवलेणी आणि सप्तशृंगीच्या पायऱ्या, त्याही फ्युनिक्युलर सुरू व्हायच्या आधी. दादा म्हणाला अगं रतनगड मीडियम आहे, शिड्या आहेत पण रेलिंग आहे, तुला जमेल. शिवाय त्याची एक अट होती की आल्या वाटेने उतरायचं नाही. सगळी जनता रतनवाडीतून शिड्यांनी चढते आणि शिड्यांनीच उतरते, त्यामुळे दुपारी तिथे एसटी स्टँडसारखी गर्दी होते आणि गडाची मागची बाजू बघायचीच राहते. आपण त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरू, तिथून जीपने परत रतनवाडीला, झालं की चक्कर पूर्ण.

आदल्या रात्री अण्णांना फोन केला. म्हटलं रतनवाडीला चाललेय.

"कुठल्या?"

"आपल्याच. पेपरातल्या."

जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "तिथं पर्जन्यमापक कुठं ठेवलाय ते बघून ये बरं का. एवढासा डबा एवढा पाऊस मोजतो कसा मला एकदा बघायचंय." अण्णा ऐंशीला टेकलेत, भंडारदऱ्याला तीनचार वेळा जाऊन आलेत पण ते धरणाच्या भिंतीपर्यंतच, गेट सुटलेलं पाणी बघायला. रतनवाडी पाण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पूर्वी तर लोक भिंतीजवळच्या शेंडी गावाहून लाँचने पाण्यातूनच पलीकडे जायचे.

पहाटे चारला निघालो, दादा, वहिनी, तेरा वर्षांची भाची आणि मी. घोटीपर्यंत हायवे, मग उजाडता उजाडता बारी आलं आणि तिथे बघते तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिनीबसच मिनीबस, सगळे कळसूबाईवाले, डोक्याला टॉर्च बांधलेली पोरंपोरी अंधारातच खाली उतरतायत का वर चढतायत काही कळत नव्हतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, त्यामुळे तिथे ही गर्दी कायमच. शेंडीला चहा घेतला, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि मग धरणाच्या कडेकडेने मुतखेल, कोलटेंभे करत गाडी निघाली. पाण्यावर धुकं होतं, पाणी दिसतच नव्हतं, फक्त मधूनच रस्ता इतका काठाला जायचा की वहिनी दरवाजाचं हँडल धरून बसायची. हा रस्ता एकदा मुद्दाम, काही न चढता, नुसता करायला पाहिजे. भाताची खाचरं अगदी पाण्याला भिडलेली, कुठे कुठे लोंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या, काळभाताचं खाचर तेवढं लांबूनच वेगळं दिसतं, काळपट.

रतनवाडीत पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. आम्हाला वाट दाखवायला एक बाबा येणार होते, दादाच्या ओळखीतून फोनवर ठरलं होतं. आले ते साठीचे, पायजमा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि पायात प्लास्टिकचे सँडल. माझ्या पायात साडेतीन हजारांचे नवे बूट. पुढचे आठ तास त्यांचा पाय एकदाही घसरला नाही, माझा किती वेळा घसरला ते मी मोजलं नाही, भाचीने मोजलं, अकरा.

आधी अमृतेश्वर. खरं सांगायचं तर एकट्या या देवळासाठी यावं इतकं ते सुंदर आहे. शिखर असं चढत जातं की त्यावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी बघत मान दुखते, बाहेरच्या भिंतीवर नक्षी, यक्ष, नर्तकी, आणि सगळं काळ्या दगडात, जिथे वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हे शेकडो वर्षं असं उभं आहे. सांगतात की शिलाहार राजा झंझ याने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं. अलीकडे एक पुष्करणी आहे, चौकोनी, पायऱ्यांची, आणि आतल्या भिंतीत कोनाडे करून त्यात विष्णूच्या मूर्ती. बाबा म्हणाले पावसाळ्यात देवळात गाभाऱ्यात पाणी येतं, पिंड पाण्यात असते. भाची विचारते, मग अभिषेक कसा करतात? बाबा म्हणाले, "तोच की अभिषेक."

मंदिराच्या मागून वाट निघते आणि थोड्याच वेळात एक ओढा आडवा येतो. दगडांवरून उडी मारून पलीकडे. दोनतीन उड्यांत झालं. बाबा पुढे निघून गेले, जाता जाता सहज म्हणाले, "ही प्रवरा."

मी थांबलेच. संगमनेरला या नदीवरून पूल लागतो हो. आमचे गणपती हिच्यात गेले, आजीच्या अस्थी हिच्यात गेल्या, शाळेच्या भूगोलात हिच्यावर दोन मार्क ठरलेले. इथून निघून ही आधी धरणात जाते, मग रंधा फॉलला उडी मारते, अकोले गावी अगस्ती ऋषींना भेटते, मग आमच्याकडे येते, पुढे जिच्या नावाने प्रवरानगर आहे, जिथे १९५० साली महाराष्ट्रातला सहकारातला पहिला साखर कारखाना निघाला, त्या सगळ्या उसाला पाणी पाजून, नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या त्या पैसाच्या खांबाला वळसा घालून शेवटी टोका गावी गोदावरीत. आणि इथे माझी भाची हिच्यावरून लंगडी घालत गेली. मी परत आले, परत एकदा ओलांडली. वहिनी म्हणाली, "ताई, चालायचंय का पुढं?"

बाबांनी विचारलं तुम्ही कुठल्या. म्हटलं राहते नाशिकला, माहेर संगमनेर. तर हसले.

"मंग आमचंच पाणी पिऊन मोठ्या झाल्या तुम्ही."

यावर काय बोलणार. म्हटलं हो बाबा.

पहिला तासभर वाट सोपी आहे, खाचरांच्या बांधावरून, मग झाडीतून, तोच ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो, मग हळूहळू चढ सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की तो काही सोडत नाही. जंगल दाट आहे, ऊन लागत नाही, पण दमटपणा इतका की माझा चष्मा दर पाच मिनिटांनी पुसावा लागत होता. मध्ये दोन ठिकाणी गावातल्या बायका प्लास्टिक टाकून बसलेल्या, लिंबूसरबत, ताक, काकडी. ताकाचे दोन ग्लास प्यायले आणि ते पुढे चढावर पोटात डचमळायला लागलं, तर ते उतरताना प्या, चढताना नको, हा माझा सल्ला. वर एका ठिकाणी वाट फुटते, एक सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे जाते, तिकडून लोक दोन दिवस चालत हरिश्चंद्रगडाला जातात, आणि उजवीकडची आपली. बाबा सांगत होते कळसूबाई, रत्नाबाई, कात्राबाई या तिघी बहिणी, एकमेकींवर रुसून तीन डोंगरांवर जाऊन बसल्या. कशावरून रुसल्या विचारलं तर म्हणाले बहिणींना कारण लागतं व्हय.

मग आल्या शिड्या.

इथे जरा सविस्तर सांगते कारण दादाने मला सांगितलं नव्हतं. लोखंडी शिड्या आहेत, कातळाला लावलेल्या, एकापुढे एक, आणि रेलिंग आहे हे खरं आहे पण त्या उभ्या आहेत हेही खरं आहे, आणि रविवारी सकाळी साडेनऊला तिथे माझ्यापुढे पन्नास माणसं होती. पुण्याचा एक मोठा ग्रुप, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, एकाच्या सॅकला स्पीकर लटकवलेला आणि तो चालू. आम्ही रांगेत पाऊण तास उभे. वरून कोणी उतरणारं नव्हतं म्हणून बरं, बाबा म्हणाले दुपारी वरचे खाली आणि खालचे वर असे दोन्हीकडून अडकतात आणि मग शिडीवरच भांडणं. माझा नंबर आला तेव्हा पहिल्या चार पायऱ्या ठीक गेल्या आणि मग मी खाली बघितलं. बघू नका बघू नका असं सगळे म्हणतात पण पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली बघावंच लागतं ना! हाताला घाम, पायरी गार, आणि कानात तो स्पीकर. खालून बाबांचा आवाज आला, "ताई, शिडी कुठं जात न्हाई, तुम्ही चढा." का कोण जाणे पण ते वाक्य उपयोगी पडलं. शिडी जात नाहीये कुठे. चढले.

शिड्या संपल्या की कातळातल्या पायऱ्या आणि गणेश दरवाजा. आत शिरून उजवीकडे गेलं की दोन गुहा लागतात, एका लहान गुहेत रत्नादेवी, ही गडाची देवी, शेंदूर लावलेली, आणि दुसरी मोठी ज्यात लोक पूर्वीपासून मुक्कामाला राहतात. आम्ही त्या मोठ्या गुहेच्या तोंडाशी सॅका टाकल्या आणि दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग माकडं आली. दादाने थेपल्यांचा डबा उघडला होता, एका माकडाने अगदी शांतपणे, घरच्यासारखं येऊन वरचे चार थेपले उचलले आणि कठड्यावर बसून एकेक सोलून सोलून खाल्ले. दादा हाड हाड करत राहिला. बाबा म्हणाले राहू द्या, त्याचा रोजचा आहे. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वहिनीने मांडीखाली धरून ठेवली म्हणून वाचली.

गडावर एकूण चार दरवाजे, गणेश, हनुमान, कोकण आणि त्र्यंबक, आणि वर फिरायचं म्हणजे कड्याच्या काठाकाठाने सगळ्या गडाला प्रदक्षिणा. हनुमान दरवाजातून पुढे गेलं की एक अर्धा ढासळलेला गोल बुरूज आहे, त्याला राणीचा हुडा म्हणतात. तोवर धुकं विरलं होतं. आणि तिथून मी पहिल्यांदा ते पाणी वरून बघितलं.

मला वाटलं होतं तलाव म्हणजे गोल काहीतरी दिसेल. नकाशात पाहिला होता पण नकाशात कळत नाही. हे म्हणजे कोणीतरी हात पसरून ठेवल्यासारखं, एकेक बोट एकेका दरीत घुसलेलं, डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, मधेच एखादी टेकडी बेट होऊन बसलेली, आणि काठाला सगळीकडे हिरव्यापिवळ्या खाचरांची ठिगळं. अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी. हा आकडा मला पाठ आहे, आमच्या घरात तो पाढ्यांसारखा पाठ होता, पण अकरा टीएमसी दिसतात कसे ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनने उद्घाटन केलं म्हणून विल्सन डॅम, सगळं दगडी बांधकाम, अजून भक्कम. त्या काळी नगरच्या दुष्काळी भागासाठी बांधलेलं धरण, आणि खरंच, आमचे पणजोबा ज्वारी-बाजरीतून बाहेर आले ते या पाण्यामुळे, आम्ही शिकलो ते या पाण्यामुळे, माझ्या लग्नातले दागिने सुद्धा एका बऱ्या आवर्तनाच्या वर्षातले.

हे मी बाबांना सांगितलं, जरा भरल्या गळ्यानेच. ते टॉवेलने मान पुसत होते. मग बोट करून दाखवलं, "त्या तिथं, ती टेकडी दिसती ना पाण्यात, तिच्या अलीकडं माझ्या आज्याची खाचरं व्हती. चांगली काळी जमीन. मग वर सरकलो." थोडं थांबून म्हणाले, "आता मे महिन्यात आमच्या वाडीला हंडा घेऊन लांबच्या झऱ्याला जावं लागतं. पाऊस सगळा डोंगरावरून पळून जातो खाली तुमच्याकडं."

ते काही तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मी दशमी पुढे केली, त्यांनी घेतली.

त्या हुड्यापाशी एका ठराविक दगडावर उभं राहिलं की मोबाईलला दोन दांड्या येतात. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. चित्र अडकत अडकत आलं. "भिंत दिसते का?" म्हटलं नाही अण्णा, लांब आहे, धूसर आहे, पाणी दिसतंय पण सगळं. "भिंत दिसली पाहिजे." मी फोन इकडे फिरवला तिकडे फिरवला, त्यांना बहुतेक माझा अंगठाच दिसत होता, आणि मग कट झाला.

पुढची वाट कारवीतून. सोनकी अजून शिल्लक होती, पूर्ण पठार पिवळं नाही पण पट्टेच्या पट्टे, कारवी यंदा नुसती पानांची, ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि ते वर्ष आमचं नव्हतं. पाण्याची टाकी बरीच आहेत, कातळात खोदलेली, एकात इतकं स्वच्छ पाणी की तळ दिसतो. कोकण दरवाजापाशी कडा एकदम तुटतो आणि खाली शहापूरकडचं कोकण, इतकं खाली की तिथली घरं म्हणजे सांडलेले तांदूळ. समोर आजोबाचा डोंगर, मागे कात्राबाई, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीने, आणि त्यांच्याही मागे कळसूबाई जिथे सकाळची ती सगळी टॉर्चवाली मंडळी आत्ता देवळापाशी सेल्फी काढत असणार. दादा एकेक नाव सांगत होता, भाचीला आधीच कंटाळा आलेला, तिला फक्त नेढं बघायचं होतं.

नेढं म्हणजे सुईचं भोक. गडाच्या सगळ्यात उंच भागातल्या कातळाला वाऱ्या-पावसाने आरपार पडलेलं भोक आहे, राजगडाला आहे तसंच. वर चढायला शेवटचे दोन-तीन मिनिटं हातापायांवर जावं लागतं, दगड सुटे आहेत, जपून. रतनगडाची उंची १२९७ मीटर सांगतात, म्हणजे सव्वाचार हजार फुटांच्या वर, आणि आम्ही जवळजवळ त्या उंचीवर एका भोकात बसलो होतो. दहापंधरा माणसं आरामात बसतील एवढं मोठं. आणि वारा! एका बाजूने आत येतो आणि दुसरीकडून जातो, मध्ये आपण. घाम पाच मिनिटांत गायब, वहिनीची ओढणी सरळ आडवी, टोपी घातली तर ती कोकणात. इथे बोललेलं ऐकू येत नाही त्यामुळे कोणी बोलत नाही, तो स्पीकरवाला ग्रुपही इथे येऊन गप्प झाला होता, त्याने स्वतःहून बंद केला का वाऱ्यापुढे ऐकूच येत नव्हता माहीत नाही. आम्ही अर्धा तास बसलो. बाबा तर चक्क आडवे झाले, टॉवेल तोंडावर घेऊन झोपले.

आता उतरायचं. तो ग्रुप आणि बाकीचे सगळे मागे वळले, शिड्यांकडे. आम्ही पाचच जण पुढे त्र्यंबक दरवाजाकडे.

दादाचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य, उतरावं तर इथूनच. दरवाजा म्हणजे कड्यातली एक चीर, तिच्यात कातळ खोदून केलेल्या पायऱ्या, उंच उंच, काही झिजलेल्या, काही अर्ध्या तुटलेल्या, दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती. पायरी इतकी उंच की माझा पाय टेकायचा म्हणजे आधी बसावं लागायचं. वहिनीने तर ठरवूनच टाकलं, ती पूर्ण उतार बसून उतरली, तिची ट्रॅकपँट मागून फाटली आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही. पण गर्दी नाही, आवाज नाही, गार सावली, आणि कुठल्या काळी कोणी छिन्नीने हे एवढं खोदलं असेल, खाली दरी असताना, याचा विचार करायला वेळ आहे. शिडीवर काय विचार करणार, तिथे आपला जीव आणि पुढच्याची टाच.

खाली आलं की रतनगडाचा खुट्टा, सरळ उभा सुळका, गडापासून सुटून एकटाच उभा. त्याला बगल देत वाट जंगलात शिरते आणि मग दोनेक तास नुसती झाडी. ही वाट लांब आहे हे सांगून ठेवते. अवघड नाही, पण लांब आहे, पाय आधीच थकलेले, दर वळणावर वाटतं आता गाव येईल आणि येत नाही. माझ्या नव्या बुटांनी डाव्या अंगठ्याचं नख निळं केलं होतं. पाणी संपत आलं होतं. भाची रुसून मागे राहिली होती, तिला कोणी बोलायचं नाही असं तिने जाहीर केलं होतं. बाबा न थांबता हळूहळू चालत होते आणि मधूनच एखाद्या झाडाची फांदी मोडून बाजूला करत होते, आमच्यासाठी.

साम्रदला पोचलो तेव्हा साडेचार झाले असतील. साम्रद म्हणजे सांदण दरीचं गाव, तिकडचीही गर्दी तिथे होती, हेल्मेटं, दोर, नुकती दरी करून आलेली ओलीचिंब मंडळी. आम्ही त्यांच्याकडे बघितलं पण नाही. जीप ठरलेली होती, ती यायला उशीर झाला, मग रस्त्याच्या कडेला दगडावर पाच जण ओळीने बसून होतो आणि समोरून म्हशी घरी चालल्या होत्या.

जीपमधून परत रतनवाडी, म्हणजे जो डोंगर दिवसभर पायाखाली होता त्याला आता खालून वळसा. खिडकीतून नेढं दिसलं, आभाळाचा एक ठिपका डोंगरात अडकल्यासारखं. भाचीने रुसवा सोडला आणि ओरडली आपण त्यात होतो! बाबांच्या घरी पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि नव्या नाही, जुन्या तांदळाचा भात, नवा यायला अजून वेळ आहे. त्यांच्या घरच्या बाई मला म्हणाल्या अजून घ्या, उपाशी आहात. मी तीन भाकरी खाल्ल्या. निघताना पाच किलो तांदूळ विकत घेतला आणि पैसे देताना बाबा म्हणाले, "संगमनेरला न्या, तुमच्या वडलांना द्या." म्हटलं नक्की.

शेंडीला आल्यावर रेंज आली. अण्णांचे सात मिस्ड कॉल. लावला.

"पोचलात का खाली नीट?"

"हो अण्णा. आता शेंडीला आहोत."

"पर्जन्यमापक बघितला?"

अरे देवा. सकाळी बाबांना विचारलं होतं मी, ते म्हणालेही होते दाखवतो येताना, आणि येताना पिठलं-भाकरीपुढे मला माझं नावही आठवत नव्हतं. म्हटलं अण्णा, राहिलंच.

"एवढा डोंगर चढलीस, आणि गावातलं बघायचं राहिलं?"

"पुढच्या वेळी."

"बरं ते जाऊ दे. धरण किती आहे?"

"फुल्ल आहे अण्णा. काठोकाठ."

"फुल्ल म्हणजे किती?"